दयेचे जेवण आणि दामाचे जेवण



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकता, राजकारण ऐकता, अर्थशास्त्रातील अवघड प्रश्नांचा ऊहापोह ऐकता. अशा जागी एका जेवणाची हकिगत सांगावयास उभे राहावे, हे थोडे धाडसाचेच आहे. त्यातून व्याख्यानाची वेळ संध्याकाळची; घरोघरी चुली पेटण्याची. तरीही आम्ही हा विषय मुद्दाम निवडला. त्या एका जेवणाने आमच्या मनातील एक जुनी समजूत ढासळली. ती समजूत आमच्या एकट्याचीच असती, तर ती आम्ही आमच्यापाशीच ठेवली असती. पण ती आपणा सर्वांच्याच घरी नांदते आहे, असा आमचा संशय आहे.

२०१८ सालच्या श्रावणात आम्ही उभयता हाँगकाँगला गेलो होतो. आमचा भाचा तेथे नोकरीला आहे. त्याच्याकडे पंधरा दिवस राहावयाचे होते. शहर देखणे, माणसे कामसू. पण शाकाहारी मनुष्याने तेथे फार जपून वागावे लागते. मांस दिसले तर माणूस टाळील. न दिसणाऱ्या मांसाचे काय करावयाचे? ताटलीत नुसती हिरवीगार भाजी येते, आणि तिच्यावर जो काळसर, चकचकीत रस असतो, तो कालवांचा निघतो. हा कालवांचा सॉस १८८८ च्या सुमारास दक्षिण चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात निघाला आणि तिकडच्या स्वयंपाकात आपल्याकडील गूळ-चिंचेसारखा मुरून गेला. सूप भाज्यांचे म्हणावे, तर पाणी कोंबडीचे. तेव्हा पहिले चार दिवस आम्ही केळी, पाव आणि सौभाग्यवतींनी बरोबर आणलेले मेतकूट यांवर काढले. पाचव्या दिवशी भाचा म्हणाला, “मामा, आज मी तुम्हांला पोटभर जेवायला नेतो. चिनी जेवण, पण मांसाचा कण नाही. कांदा-लसूणसुद्धा नाही.”

सौभाग्यवतींना श्रावणात कांदा-लसूण वर्ज्य. त्या म्हणाल्या, “अरे, चिनी माणसांना चातुर्मास ठाऊक आहे होय?”

चातुर्मास ठाऊक नसला, तरी त्याचा सोबती ठाऊक आहे. चिनी बौद्धांच्या भोजनात पाच उग्र वनस्पती वर्ज्य मानतात. लसूण आणि कांद्याच्या जातीच्या पाती त्यांत येतातच. पण पाचवे नाव ऐकून आम्ही चकित झालो. ते नाव आपल्या हिंगाचे! चिनी ग्रंथांत त्याला ‘शिंग-छ्यू’ म्हणतात आणि ते ‘हिंगु’ या संस्कृत शब्दाचेच चिनी रूप आहे. म्हणजे ज्या हिंगाची फोडणी देऊन आपण उपवास सोडतो, तोच हिंग तिकडे धर्माने बंद. धर्म एकाच देशातून गेला, पण वाटेत त्याचा स्वयंपाकघराशी करार निराळा झाला.

हा करार कसा झाला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील गोष्ट त्यावरच उभी आहे. आपल्या देशातील बौद्ध भिक्षू दारोदार भिक्षा मागत. भिक्षापात्रात जे पडेल ते घ्यावयाचे. प्राणी आपल्यासाठी मारलेला नसावा, एवढेच पथ्य. चीनमध्ये भिक्षेची ही चाल रुजली नाही. तेथील मठांना जमिनी मिळाल्या, कोठारे आली, स्वतःची स्वयंपाकघरे आली. जो स्वतः रांधतो, त्याला पात्रात काय पडले अशी सबब सांगता येत नाही. सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा सम्राट वू याने भिक्षूंना मांस आणि मद्य वर्ज्य करण्याचा आग्रह धरला, आणि पुढे तो चिनी मठांचा नियमच होऊन बसला. ह्युएनत्संग हे नाव आपणांस शाळेपासून परिचयाचे आहे. पुलकेशीच्या काळी, ६४१ च्या सुमारास, तो आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. भारताकडे येताना मध्य आशियातील कूचा येथील राजाने त्याला मेजवानी दिली. तीत नियमाला चालणारे ‘शुद्ध’ मांस होते. तेही त्याने नाकारले.

मठाच्या स्वयंपाकघरातून हे जेवण बाजारात आले. सुंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ या काळात, राजधानीच्या शहरांत खास शाकाहारी भोजनाची दुकाने होती. १९२२ साली शांघायमध्ये ‘गुंग-द-लीन’ नावाचे शाकाहारी भोजनगृह निघाले. त्या नावाचा अर्थ ‘पुण्याचे वन’ असा होतो. पुण्य आणि पाकशास्त्र यांची अशी जोडी तिकडे फार जुनी आहे. आजही हाँगकाँगमधील पुष्कळ कुटुंबे चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, मांस खात नाहीत. त्या दिवशी शाकाहारी हॉटेलांत बसावयास जागा मिळत नाही. आपल्या एकादशीसारखेच. ‘दुप्पट खाशी’ची म्हण त्यांच्याकडे आहे की नाही, ते मात्र आम्ही विचारले नाही.

असो. भाचा आम्हांला वान चाय नावाच्या गजबजलेल्या भागात घेऊन गेला. खाली ट्रामची खडखड, वर जिना. जिन्यातच तो थांबला आणि म्हणाला, “मामा, एक सांगायचे राहिले. इथे वाढणारी बहुतेक मंडळी कर्णबधिर आहेत. हा सामाजिक उद्योग आहे.”

‘सामाजिक उद्योग’ हा शब्द आपल्याकडे अजून तितकासा रुळलेला नाही. त्याचा अर्थ सोपा आहे. हे दुकान इतर दुकानांप्रमाणेच माल विकून चालते. भाडे भरते, पगार देते, हिशेब ठेवते. पण ते काढण्याचा हेतू मालकाची तिजोरी भरणे हा नसतो. ज्यांना इतर दुकाने दारात उभी करीत नाहीत, त्यांना काम मिळावे, हा असतो. आणि नफा मुख्यतः त्याच कामात परत घातला जातो. २००६ साली हाँगकाँगच्या सरकारने अशा उद्योगांना प्रारंभीचे भांडवल देण्याची एक योजना काढली. अनुदान ठराविक मुदतीचे. मुदत संपली की दुकानाने स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे, नाही तर बंद व्हावयाचे.

भाच्याचे ते शब्द ऐकताच आमच्या मनात काय झाले, ते आम्ही आपणांपासून लपवीत नाही. आमच्या मनात दया दाटून आली. आपण आज केवळ जेवण्यास आलेलो नाही, काही सत्कृत्य करण्यास आलो आहोत, असे वाटू लागले. चेहऱ्यावर एक मऊ, समजूतदार हसू आपोआप आले. अनाथाश्रमाच्या समारंभाला प्रमुख पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाच्या तोंडावर जे हसू असते, तेच हे. जेवण बेचव असले तरी नाव ठेवावयाचे नाही, असा निश्चय करूनच आम्ही आत शिरलो.

आत दहा-पंधरा मेजे होती आणि बहुतेक भरलेली होती. हापिसांतील कारकून मंडळी, दोन म्हाताऱ्या, शाळेच्या गणवेशातील मुले. एक तरुणी आमच्यापाशी आली आणि पुढ्यात चित्रांचा मेनू ठेवला. आम्ही आमच्या उत्तम इंग्रजीत विचारले, “यात तिखट कोणते?” ती हसली. आम्ही तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटले. ती पुन्हा हसली. आम्ही आणखी मोठ्याने म्हटले. तेव्हा शेजारच्या मेजावरील म्हातारीने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि भाचा खाली मान घालून रुमालाने तोंड पुसू लागला. जिला मुळीच ऐकू येत नाही, तिच्यापुढे आम्ही आवाज चढवीत होतो!

इकडे सौभाग्यवतींनी तोपर्यंत काम उरकलेही होते. मंडईत तीस वर्षे हातवारे करून भाव पाडणाऱ्या त्या; त्यांनी चित्रातील मिरचीवर बोट ठेवले, हात हलवून ‘नको’ म्हटले, तीन बोटे आमच्या तिघांकडे दाखविली, आणि पोटावर हात फिरवून भूक किती लागली आहे तेही कळविले. त्या मुलीने चित्रांवर बोट ठेवीत चार पदार्थ सुचविले, भात तिघांना पुरेल इतकाच घ्या असे सांगितले, आणि ती निघून गेली. एक शब्द न बोलता उभय पक्षी सारे बोलणे झाले होते. त्या मेजावर मुके कोणी असेल, तर ते आम्हीच होतो.

येथे ‘मुका’ या शब्दाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. आपण सहज ‘मूकबधिर’ म्हणून जातो. ज्याला ऐकू येत नाही, त्याला भाषा नाही, असे आपण गृहीत धरतो. पण हातांची भाषा ही भाषाच आहे. तिला व्याकरण आहे, विनोद आहे, गावोगावचे पाठभेद आहेत. हाँगकाँगची हस्तभाषा १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शांघायकडून आलेल्या कर्णबधिर निर्वासितांनी बरोबर आणलेल्या खुणांतून वाढली. शहाण्यासुरत्या जगाने मात्र या भाषेचा छळ केला. १८८० साली इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तीत, शाळांतून हातांची भाषा हद्दपार करावी, ओठांनीच बोलावयास शिकवावे, असा ठराव झाला. तो मंजूर करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते! त्या परिषदेच्या वारसांनी २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. म्हणजे चूक कबूल करण्यास एकशेतीस वर्षे लागली. भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा आपल्या मुंबईत १८८० नंतरच्या दशकात निघाली, हे आपणास भूषण. पण भारतीय हस्तभाषेसाठी स्वतंत्र केंद्र दिल्लीस स्थापन होण्यास २०१५ साल उजाडावे लागले, आणि तीन हजार शब्दांचा पहिला कोश २०१८ साली प्रसिद्ध झाला. तोवर ही मंडळी आपल्याशी बोलतच होती. आपणच ऐकत नव्हतो.

आता जेवणाकडे वळू. प्रथम सूप आले. कंदमुळे मंद आंचेवर फार वेळ शिजवून काढलेले, वरून पातळ पण चवीला भरघोस. मग एक पदार्थ आला, त्याचे नाव ‘अर्हतांचे भोजन’. अठरा अर्हतांच्या नावाने पूर्वी त्यात अठरा जिनसा घालीत. आता जमेल तितक्या घालतात. काळ्या कानासारख्या दिसणाऱ्या अळंब्या, वाळवून भिजविलेली दुसरी अळंबी, कमळाचे देठ, मुगाच्या शेवया, कोबी. नंतर एक ‘बदक’ आले आणि सौभाग्यवती दचकल्या. भाचा म्हणाला, “मामी, हे बदक सोयाबीनच्या दुधावरच्या सायीचे आहे.” सोयाबीनचे दूध तापवले की वर साय धरते, ती पसरून वाळवितात, थरावर थर गुंडाळतात, आत अळंब्या भरतात आणि तळून काढतात. याच तऱ्हेने गव्हाची कणीक पाण्याखाली धूत धूत तिचा चिकट गोळा तेवढा उरवितात आणि त्याचेही नाना प्रकार करतात. मांसाची ही सोंगे कशाला, असा प्रश्न आपणांस पडेल. मठांत येणाऱ्या प्रापंचिक पाहुण्यांना परके वाटू नये, म्हणून ही कला वाढली. सौभाग्यवतींनी डोळे मिटून एक तुकडा तोंडात टाकला, आणि मग डोळे उघडून उरलेले सारे बदक संपविले.

सांगावयाचे ते हे, की जेवण अप्रतिम होते. नाव न ठेवण्याच्या आमच्या निश्चयाला कसोटीच लागली नाही.

जेवताना आम्ही त्या मंडळींचे काम पाहत होतो. चहाची किटली रिकामी झाली की गिऱ्हाईक तिचे झाकण उघडून तिरपे ठेवते. हाँगकाँगात ही सर्वत्र रूढ असलेली खूण आहे. कोणी चहा ओतला की दोन बोटांनी मेजावर टकटक करून आभार मानावयाचे, हीही तेथील जुनी रीत. ऐकणाऱ्यांच्या त्या शहरातही भोजनाची अर्धी भाषा हातांचीच होती! भाच्याने आम्हांला त्यांच्या भाषेतील आभारही शिकविले: मूठ वळावयाची, अंगठा वर करावयाचा आणि तो दोनदा वाकवावयाचा.

बिल आले. आम्ही पैसे ठेवले, आणि त्यांच्यावर आणखी शंभर डॉलरची एक नोट ठेवली. हा वाढप्याचा इनाम नव्हता. बिलाच्या मानाने ती रक्कम फारच मोठी होती. ते आमचे सत्कृत्य होते. जिना उतरून आम्ही रस्त्यावर येतो न येतो, तोच ती मुलगी धावत खाली आली. तिच्या एका हातात बिल होते, दुसऱ्या हातात ती नोट. तिने बिलावरील रकमेवर बोट ठेवले, मग नोट आमच्यापुढे धरली. आम्ही हातानेच म्हटले, ‘राहू दे, तुलाच.’ तिने मान हलविली. चेहऱ्यावर राग नव्हता. पण हिशेब चुकलेला दुकानदाराला चालत नाही, तेवढाच एक ठामपणा होता. आम्ही नोट परत घेतली. तेव्हा ती मनापासून हसली, अंगठा दोनदा वाकवला, आणि वर निघून गेली. वरती गिऱ्हाइके थांबली होती.

भाचा म्हणाला, “मामा, माझ्या हापिसातली निम्मी माणसे इथे जेवतात. जेवण चांगले आणि वेळेवर मिळते म्हणून येतात. वाढणाऱ्यांना ऐकू येत नाही, हे त्यांच्या ध्यानातही नसते.”

मित्रहो, त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आणि ते बदकामुळे नव्हे. अन्नदानासारखे पुण्य नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्याकडे अन्नछत्रे आहेत, सदावर्ते आहेत. ती असावीत, भुकेल्याचा प्रश्न आधी सुटला पाहिजे. पण अन्नछत्रात देणारा वर बसतो आणि घेणारा खाली. ते जेवण दयेचे. या भोजनगृहात आम्ही भुकेले होतो आणि त्या मुलीने आम्हांला जेवू घातले. चार दिवस ज्या शहरात आम्हांला धड जेवता आले नव्हते, तेथे तिने आमची अडचण दूर केली, आणि तिच्या कामाचे दाम घेतले. हिशेब पुरा झाला. त्यावर आणखी शंभर डॉलर ठेवून आम्ही तिला मूकपणे काय सांगत होतो? की बाई, तुझे काम खरे काम नव्हे. आम्ही जेवलो ते तुझ्यावर उपकार म्हणून. तिने ती नोट नव्हे, ते वाक्य परत केले.

पुढे आम्ही तेथील कायद्याची थोडी माहिती काढली. हाँगकाँगमध्ये १ मे २०११ पासून किमान वेतनाचा कायदा अमलात आला. प्रारंभीचा दर ताशी २८ हाँगकाँग डॉलर होता. अपंग कामगारांचे काय करावयाचे, हा वाद तेव्हा झाला. पूर्ण वेतन सक्तीचे केले तर मालक त्यांना कामावर ठेवणार नाहीत, अशी भीती. आणि सूट दिली तर त्यांची पिळवणूक होईल, ही दुसरी भीती. तोडगा असा निघाला, की अशा कामगाराला हवे असल्यास त्याने आपली कार्यक्षमता तज्ज्ञाकडून मोजवून घ्यावी आणि त्या प्रमाणात वेतन घ्यावे. पण ती मोजणी मागण्याचा अधिकार कामगाराचा, मालकाचा नव्हे. या तोडग्यातही दोष असतील. परंतु माणसाची किंमत ठरविण्याचा प्रारंभ कोणी करावयाचा, हा प्रश्न त्यात बरोबर ओळखलेला आहे.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. अशी निराळी भोजनगृहे काढणे म्हणजे या लोकांना निराळे ठेवणेच नव्हे काय? आक्षेप खरा आहे. शहरातील प्रत्येक भोजनगृहात अशी दोन माणसे सहज कामाला असती, तर या निराळ्या दुकानाची गरजच उरली नसती. पण कोणाला तरी आधी करून दाखवावे लागते. ऐकू न येणारा माणूस गर्दीच्या वेळी दहा मेजे सांभाळू शकतो, हे निबंध लिहून पटत नाही. वेळेवर आलेल्या सुपाने पटते.

आपल्याकडे हे अगदीच नवे नाही. १९५९ साली मुंबईस गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. त्यांनी आरंभीच ठरविले, की तोटा आला तरी देणगी मागावयाची नाही. ती लिज्जत पापडाची संस्था आज देशभर पसरली आहे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत गिरणी कामगारांना जेवण करून घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटना बांधली. त्या बायकांना दया नको होती, सावकाराच्या व्याजातून सुटका आणि रास्त कर्ज हवे होते. आणि २०१५ साली मुंबईतच पवईला वाढण्यास कर्णबधिर मंडळी असलेले एक भोजनगृह उघडले. या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: माल चांगला, दाम रास्त, मान ताठ.

तेव्हा आमची आपणांस विनंती मोठी नाही. आपल्या गावात असे एखादे दुकान असेल, मेणबत्त्यांचे, फराळाचे, शिवणाचे, तर तेथे जरूर जा. पहिल्या खेपेस आपण दयेने जाल. त्याला इलाज नाही, आम्हीही तसेच गेलो. पण दुसऱ्या खेपेस गरज आहे म्हणून जा. माल वाईट असेल तर इतर दुकानदारांना सांगता तसे त्यांनाही स्पष्ट सांगा. तक्रार ऐकण्याचा मानही प्रत्येक दुकानदाराला मिळालाच पाहिजे. आणि चांगला असेल तर चुकते दाम द्या, आभार माना, आणि पुन्हा या. अशी दुकाने पहिल्या दिवशीच्या गर्दीने जगत नाहीत. दुसऱ्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाने जगतात.

आम्ही हाँगकाँग सोडण्यापूर्वी त्या भोजनगृहात आणखी तीनदा जेवलो. शेवटच्या दिवशी भातात पाणी जरा जास्त झाले होते. आम्ही ते खुणेने सांगितले. त्या मुलीने मान डोलावली, भात बदलून आणला, आणि बिल नेहमीइतकेच लावले.